कोलेस्टायरामिन घेणारे कोणी आहेत का? खाज आटोक्यात आली, पण पोट आणि औषधांच्या वेळा सांभाळणं जड जातंय

वैनगंगा (प्रताप नगर, नागपूर)

मंडळी, लिव्हरच्या दुखण्यातल्या खाजेसाठी कोलेस्टायरामिनची पावडर घेणाऱ्यांशी, किंवा घरात कोणाला ती देणाऱ्यांशी, मला बोलायचं आहे.

मला प्रायमरी बिलिअरी कोलान्जायटिस आहे. यात लिव्हरमधल्या बारीक पित्तनलिकांवर शरीराचीच प्रतिकारशक्ती उलटते. त्या हळूहळू खराब होतात आणि पित्ताची वाट अडते. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा आजार कितीतरी जास्त आढळतो. अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिडच्या (अर्सोच्या) गोळ्या चालू आहेत, एलएफटी म्हणजे लिव्हरच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट सुधारतोय. पण त्या गोळ्यांनी खाज काही जात नाही. अंगावर पुरळ नाही, गांधी नाहीत, दाखवायला काहीच नाही, आणि तळहात-तळपाय रात्रभर झोपू देत नाहीत. उन्हाळ्यात तर विचारूच नका. नवतप्यात कूलरपुढे खाट टाकायची, पायाला ओला टॉवेल गुंडाळायचा आणि पहाट व्हायची वाट बघायची.

सुरुवातीला एका त्वचारोगतज्ज्ञांनी खरजेचं मलम दिलं, घरातल्या सगळ्यांना लावायला लावलं, पण लिव्हरची साधी तपासणी लिहून दिली नाही. म्हणून जो कोणी हे वाचेल त्याला आधीच सांगते: पुरळ नसताना अंगभर खाज टिकून राहिली, तर एलएफटी करून घ्या.

आता पोटविकारांच्या डॉक्टरांनी ४ ग्रॅमच्या पुड्या सुरू केल्या आहेत, एक नाश्त्याच्या आधी आणि एक नंतर. खाज लगेच गेली नाही, पण काही दिवसांनी झोप लागू लागली. इतकी शांत झोप मी विसरूनच गेले होते. त्यामुळे ‘बंद करून टाका’ हा सल्ला कृपया देऊ नका. अडचण पोटाची आहे. पोट गच्च राहतं, वात धरतो, सकाळी साफ होत नाही, जेवणावरची वासना उडते. शिवाय रेतीसारखे कण तोंडात राहतात. आणि बाकीच्या गोळ्या कधी घ्यायच्या याचा रोज घोळ. तुम्ही कसं निभावता?

इतवारीचा_मेडिकलवाला

ताई, बरी वर्षं काउंटरवर काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

ही पावडर रक्तात जात नाही. ती एक प्रकारची राळ आहे, पाण्यात विरघळत नाही. आतड्यात उतरलेलं पित्ताम्ल ती धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर नेते. एरवी आपलं शरीर बहुतेक सगळं पित्ताम्ल लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून परत शोषून घेतं आणि लिव्हरकडे पाठवतं. ती फेरी इथे तुटते. नाश्त्याच्या आगेमागे घ्यायला सांगतात त्याचं कारणही हेच. रात्रभर पित्ताशयात साठलेलं पित्त सकाळच्या पहिल्या खाण्याबरोबर आतड्यात येतं, तेव्हा पावडर तिथे हजर हवी. पित्ताशय काढलेलं असेल तर हा हिशेब बदलतो, ते डॉक्टरांना विचारून घ्यावं.

रक्तात जात नसल्यामुळे लिव्हर-किडनीवर त्याचा थेट भार नाही. त्रास होतो तो पोटाला. दुसरा त्रास मात्र लोकांच्या ध्यानात येत नाही. ही राळ फक्त पित्ताला धरते असं नाही, वाटेत जी गोळी भेटेल तिलाही धरते. थायरॉईडची गोळी, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, हृदयाचं डिगॉक्सिन, बीपीच्या काही गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, आणि तुमची अर्सोची गोळीसुद्धा. म्हणून बाकीचं औषध पावडरच्या निदान एक तास आधी किंवा चार ते सहा तास नंतर घ्यायचं. अर्सोसाठी किमान चार तासांचं अंतर धरा. बऱ्याच लोकांचा टीएसएच (थायरॉईडच्या तपासणीतला आकडा) अचानक वाढतो, मग थायरॉईडचा डोस वाढवला जातो, आणि खरं कारण इतकंच असतं की दोन्ही औषधं एकाच वेळी पोटात गेली. एवढ्यासाठी चिठ्ठीवर सगळी औषधं लिहिलेली असली तरी मी गिऱ्हाईकाला विचारतो, ‘घरी अजून काय चालू आहे?’

निंबोणी

माझा आजार वेगळा, पावडर हीच. मला संधिवात आहे, आमवाताचा प्रकार, आणि त्यासाठी लेफ्लुनोमाइड चालू होतं. बाळाचा विचार सुरू झाला तेव्हा कळलं की ही गोळी बंद केली तरी तिचा अंश शरीरात दोन वर्षांपर्यंत राहू शकतो आणि गर्भाला त्याचा धोका असतो. तिचा अंशही पित्तातून आतड्यात येतो आणि परत शोषला जातो, म्हणून तो तिथेच पकडायचा. त्यासाठी ८ ग्रॅम दिवसातून तीनदा, ११ दिवस, असा ठरलेला कोर्स असतो. नंतर रक्तात किती उरलंय हे दोनदा तपासतात.

वैनगंगाताई, तुमच्यापेक्षा डोस मोठा, त्यामुळे पोटाचे हाल काय झाले असतील ते तुम्हाला समजेल. मला मळमळ जास्त होती. पण कोर्स कधी संपणार ते ठाऊक होतं, त्यावर मी तग धरला. तुम्हाला महिनोन् महिने घ्यायची आहे, तुमच्यासाठी रोजची घडी बसवणं जास्त महत्त्वाचं. मला एका गोष्टीचा खूप उपयोग झाला: पावडर रात्रीच भिजवून फ्रीजमध्ये ठेवायची. सकाळी कण मऊ पडलेले असतात आणि गार असल्यामुळे चवही कमी कळते.

वैनगंगा

निंबोणी, भिजवून ठेवायचं करून बघितलं, खरंच फरक पडतो. आता माझी पद्धत अशी बसली आहे. मोठा काचेचा ग्लास, त्यात आधी पाणी, मग पावडर वरून पसरून टाकायची आणि दोनेक मिनिटं चमचा लावायचाच नाही. ती आपोआप पाणी पिऊन खाली बसू लागते. लगेच ढवळलं की गुठळ्या होतात, आणि त्या गुठळ्याच घशात अडकल्यासारख्या वाटतात. मग नीट हलवून झाकून फ्रीजमध्ये. सकाळी एका दमात प्यायचं. तळाला राहिलेल्यात पुन्हा थोडं पाणी घालून तेही संपवायचं, कारण बराचसा डोस तिथेच राहिलेला असतो. संत्र्याचा हंगाम असेपर्यंत मी घरच्या रसात घालत होते, आता मोसंबीचा रस किंवा नुसतं गार पाणी. गरम कशातच नाही. आणि कोरडी पावडर तोंडात टाकायचा विचारसुद्धा कोणी करू नये, ती घशात अडकू शकते.

घोट घोट घेत बसायचीही नाही. तोंडात फार वेळ राहिली तर दातांवरचं आवरण झिजतं, डाग पडतात. पिऊन झालं की चूळ भरून टाकते.

कन्हानकाठ

ताई, माझ्या घरची गोष्ट थोडी वेगळी आहे, पण पुडी अशीच. आमचे हे डायलिसिसवर आहेत. पोटॅशियम वाढते म्हणून त्यायले कॅल्शियम पॉलिस्टायरीन सल्फोनेटची पुडी चालू आहे. तेही आतड्यातच पोटॅशियम धरून ठेवते अन् बाहेर काढते. अन् पोट असं बांधून टाकते की काय सांगू बाप्पा. जो तो म्हणते, पाणी भरपूर पाजा. कसं पाजू? डायलिसिसवाल्याले पाणी मोजून द्या लागते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, माणूस घोटभर पाण्यासाठी तोंडाकडे पाहून राहिला, अन् आपण नाही म्हणायचं. संत्रं बंद, नारळपाणी बंद, भाजी उकडून तिचं पाणी फेकून द्यायचं. यायच्या पोटासाठी काही सुचवा.

इतवारीचा_मेडिकलवाला

काकू, बरं झालं विचारलंत, कारण पोट साफ व्हायचे नेहमीचे बरेच उपाय तुमच्याकडे चालणार नाहीत आणि काही तर घातक ठरतील.

इसबगोलला भरपूर पाणी लागतं. पाणी कमी पडलं तर ते आतच घट्ट होऊन बसतं. त्यामुळे पाण्याचं बंधन असलेल्याला ते देऊ नका. मिल्क ऑफ मॅग्नेशिया किंवा मॅग्नेशियम असलेलं कुठलंही जुलाबाचं औषध नको, किडनी ते बाहेर टाकू शकत नाही. फॉस्फेटचा एनिमाही नको. आणि पॉलिस्टायरीनच्या पुडीबरोबर सॉर्बिटॉल असलेलं रेचक नको, आतड्याला गंभीर इजा झाल्याची उदाहरणं आहेत. डायलिसिसवाल्यांना डॉक्टर सहसा लॅक्ट्युलोज लिहून देतात. पुढच्या डायलिसिसला जाल तेव्हा आठवणीने विचारा, ‘रोज साफ होत नाही, काय देऊ?’ बाकीच्या गोळ्या त्या पुडीच्या तीन तास आधी किंवा तीन तास नंतर.

पोट फुगून दुखत असेल, वाराही सरत नसेल, उलट्या होत असतील, तर घरचा कुठलाच उपाय करू नका, सरळ दवाखाना गाठा. आतड्यात अडथळा आलेला असू शकतो. हे या धाग्यावरच्या सगळ्यांसाठी.

पाचगाव_शिवार

माझ्या आईचं पित्ताशय काढल्यापासून तिला जेवलं की जुलाब व्हायचे. तिला हीच पावडर दिली आहे, अगदी थोडी. तिच्या बाबतीत पोट बांधणं हाच इलाज. त्यामुळे तुमचं सगळं वाचून आश्चर्य वाटलं. आईला फक्त गॅसचा त्रास आहे.

वैनगंगा

पाचगाव, गॅसबद्दल माझा अनुभव सांगते. आपल्याकडे जेवणात बेसन किती असतं ते मला या औषधानंतर जाणवलं. पाटवडी, गोळाभात, झुणका, कढीतले गोळे. एरवी पचायचं, आता पोट आधीच फुगलेलं असतं त्यात भर पडते. मी सोडलं नाही, पण रात्रीचं बंद केलं. सावजी रस्सा मात्र सोडला. ज्वारीची भाकरी, मऊ शिजवलेली भाजी, पपई, पेरू, दुपारी ताक, यावर चाललंय. पाण्याचं बंधन नसल्यामुळे मी डॉक्टरांना विचारून इसबगोलही घेते, इतर गोळ्यांपासून लांब.

आणि एक. आपण बायका पोट साफ होत नाही हे कोणाला सांगतच नाही. डॉक्टर विचारतात ‘काही त्रास?’ तर आपण खाजेचं सांगतो, झोपेचं सांगतो, आणि कुंथून कुंथून रक्त पडू लागलं तरी गप्प बसतो. माझ्या ओळखीत एकीने पोटाच्या त्रासापायी पावडर परस्पर सोडली आणि डॉक्टरांना ‘घेते आहे’ सांगत राहिली. खाज कमी झाली नाही म्हणून तिला पुढचं औषध सुरू झालं. तसं करू नका. डोस विभागता येतो, कमी करून हळूहळू वाढवता येतो. सोसलंच नाही तर रिफाम्पिसिनसारखी दुसरी औषधं आहेत, पण त्यांत लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं. यातला कुठलाही निर्णय घ्यायला डॉक्टरांना खरं काय ते कळायला हवं.

लिव्हरचा सिरोसिस झालेला असेल, म्हणजे लिव्हर व्रण पडून कडक झालेलं असेल, तर बद्धकोष्ठ आणखी मनावर घ्यायला हवं. अशा पेशंटचं पोट तुंबलं तर डोकं भ्रमिष्टासारखं होऊ शकतं, दिवसा झोप, रात्री जाग, बोलण्यात घोळ. घरच्यांना हे माहीत असलं पाहिजे.

शुक्रवारी_तलाव

ताई, थोडा वेगळा प्रश्न. माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो. तिकडे घरातल्या बुरशीमुळे होणाऱ्या आजारावर हीच पावडर ‘शरीरातली विषं काढायला’ देतात म्हणे. मला कायम थकवा असतो, सांधे दुखतात. आमच्या ग्रुपवर कोळशाच्या गोळ्या, मातीची पावडर असलंही फिरत असतं. घेऊन बघायला काय हरकत आहे? रक्तात तर जात नाही ना.

इतवारीचा_मेडिकलवाला

हरकत आहे. विष बांधून काढायची कल्पना खोटी नाही, पण ती कुठे लागू पडली ते बघा. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात होपवेल नावाचं गाव आहे. तिथे किपोन हे कीटकनाशक बनवणाऱ्या कारखान्यातले कामगार आजारी पडले, अंग थरथरायचं, डोळ्यांची बुबुळं ठरायची नाहीत. १९७५ मध्ये कारखाना बंद झाला. ते विष पित्तातून आतड्यात येतं आणि परत शोषलं जातं हे डॉक्टरांनी शोधलं, मग कोलेस्टायरामिन देऊन ते अडवलं. शौचातून विष जास्त पडू लागलं आणि रक्तातलं लवकर उतरलं. १९७८ मध्ये ते प्रसिद्धही झालं. म्हणजे कुठलं विष ते माहीत होतं, ते मोजता येत होतं, आणि ते कोणत्या वाटेने फिरतं हेही माहीत होतं. वर निंबोणीताईंच्या बाबतीतही तसंच आहे.

बुरशीच्या आजारावर ही पावडर देण्यामागे तितका भक्कम पुरावा नाही, तो मान्य उपचारांत धरला जात नाही. तुम्हाला थकवा आणि सांधेदुखी आहे तर आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, व्हिटॅमिन डी, बी-१२ बघून घ्या. जे काय सापडेल त्यावर इलाज होईल. आणि कोळसा, माती यांनीही इतर गोळ्या अडकतात. तुम्ही बीपीची गोळी घेत असाल आणि वरून कोळसा घेतलात, तर बीपी वाढल्यावर कारण कोणाला सापडणार नाही.

शुक्रवारी_तलाव

पटलं. बीपीची गोळी खरंच चालू आहे. तपासण्या करून घेतो.

निंबोणी

ताई, तुमचं जीवनसत्त्वांचं कोणी बघतंय का? माझा कोर्स छोटा म्हणून मला गरज पडली नाही, पण तुम्ही दीर्घकाळ घेणार.

वैनगंगा

चांगली आठवण केलीस. चरबी पचायला पित्त लागतं. पित्त असं बाहेर गेलं की अ, ड, ई आणि के ही चार जीवनसत्त्वं नीट शोषली जात नाहीत. माझ्या आजारात पित्त मुळातच कमी पोचतं, त्यात ही भर. ‘के’ कमी झालं तर रक्त लवकर गोठत नाही. दात घासताना हिरड्यांतून रक्त, जरा धक्का लागला की काळानिळा डाग, असं दिसलं तर थांबू नका. त्यासाठी पीटी-आयएनआर ही तपासणी. माझी आली, ठीक आहे. ‘ड’ कमी निघालं, ते सुरू केलंय, हाडांची घनता बघायलाही सांगितली आहे, कारण या आजारात हाडं तशीही ठिसूळ होतात. फार दिवस घेतली तर फोलिक ॲसिडही कमी पडू शकतं. आणि ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी वाढू शकते, म्हणून लिपिड प्रोफाइलची तपासणी.

जीवनसत्त्वांच्या गोळ्याही पावडरबरोबर घ्यायच्या नाहीत, त्याही अडकतात.

वेळांचं म्हणाल तर आता माझा दिवस असा बसलाय. सकाळी उठल्यावर पहिली पुडी, अर्ध्या तासाने नाश्ता, मग दुसरी पुडी. त्यानंतर दुपारपर्यंत एकही गोळी नाही. दुपारच्या जेवणानंतर, उशिराच, अर्सोची एक गोळी आणि ‘ड’. रात्रीच्या जेवणाबरोबर अर्सोची दुसरी. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची सवय होती, ती डॉक्टरांनी झोपायच्या वेळेवर नेली, जेवून तीन तास झाल्यावर, म्हणून जेवण साडेसातला उरकतं. इसबगोल मग संध्याकाळी, जेवणाच्या बरंच आधी. फ्रीजच्या दारावर हे सगळं मोठ्या अक्षरात लावलंय. मी घरी नसले तरी मुलीला कळतं.

खाज कमी झाली म्हणजे आजार कमी झाला असं मात्र नाही. खाज आणि लिव्हरची स्थिती या दोन गोष्टी हातात हात घालून चालत नाहीत. कोणाला आजार थोडा आणि खाज भयंकर, कोणाला उलटं. म्हणून झोप लागू लागली तरी अर्सो चुकवत नाही.

कन्हानकाठ

मेडिकलवाले भाऊ, तुमचं म्हणणं डायलिसिसच्या डॉक्टरांले सांगितलं. त्यायनं लॅक्ट्युलोज लिहून दिलं अन् पुडी रोजऐवजी काही दिवसच द्या म्हणाले, रिपोर्ट पाहून. आता पोटाचं बरं आहे. तहानेसाठी बर्फाचा छोटा तुकडा तोंडात ठेवाले सांगितला, तोही पाण्याच्या हिशेबात धरून. तुमचे उपकार आहेत.

पाचगाव_शिवार

आमच्या इकडच्या दुकानात पावडर मिळत नाही. आणि पुढच्या आठवड्यात आईला धंतोलीत डॉक्टरांकडे नेतोय. सोबत काय काय न्यावं?

इतवारीचा_मेडिकलवाला

गांधीबागेच्या दवाबाजारात चौकशी करा, नसली तर मागवून देतात. एकदम महिन्याची घ्या, मध्ये खंड नको.

सोबत गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या न्या, नुसत्या चिठ्ठ्या नकोत. प्रत्येक पट्टीवर पेनाने लिहा, आई ती किती वाजता घेते. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, शेजाऱ्यांनी सांगितलेलं, सगळं. शुगर असेल तर तेही सांगा, कारण काही पुड्यांत साखर असते.

पाचगाव_शिवार

सांगतो. पट्ट्यांवर वेळा आजच लिहून ठेवतो.